न उघडण्यासाठी बनवलेला डबा : घरगुती फ्रीजच्या दुरुस्तीचा भारतीय इतिहास

घरगुती फ्रीजचा इतिहास आजवर मुख्यतः शोधकांचा आणि कारखानदारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी कोणत्या साली पेटंट मिळवले आणि कोणत्या कंपनीने पहिले यंत्र बाजारात आणले, हे त्यात तपशिलाने सापडते. परंतु घरात आलेले ते यंत्र पुढची वीस-पंचवीस वर्षे कोणाच्या कौशल्यावर चालत राहिले, या प्रश्नाकडे क्वचितच लक्ष दिलेले दिसते. भारतापुरते बोलायचे तर ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे फ्रीज कारखान्यात घडला असला तरी त्याचे आयुष्य किती असावे हे ठरले ते गल्लीतल्या मेकॅनिकच्या दुकानात. बिघाडांच्या अंगाने हा इतिहास पाहू लागले की एक गोष्ट स्पष्ट होते : यंत्राच्या रचनेत किंवा त्यातील वायूत झालेल्या प्रत्येक मोठ्या बदलाने एक जुना बिघाड संपवला, त्याच्या जागी वेगळ्या जातीचा नवा बिघाड आणला, आणि दुरुस्ती करणाऱ्याला दर वेळी आपली विद्या पायापासून पुन्हा उभारावी लागली.

फ्रीजमध्ये थंडावा कसा निर्माण होतो हे थोडक्यात पाहिल्यावाचून हा इतिहास उलगडत नाही. कोणताही द्रव उकळून त्याची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, आणि त्या वाफेला दाबून पुन्हा द्रव केले की तीच उष्णता बाहेर टाकतो. या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट लंडनमध्ये राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकन संशोधकाने १८३४ साली घेतले. घरगुती फ्रीजमध्ये हे काम चार भाग मिळून करतात. कॉम्प्रेसर हा पंप शीतक दाबतो (शीतक म्हणजे उष्णता वाहून नेणारा पदार्थ, ज्याला व्यवहारात नुसते ‘गॅस’ म्हटले जाते); मागच्या काळ्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता सोडून द्रव होतो; कॅपिलरी नावाच्या, आतून एक मिलिमीटरहूनही अरुंद अशा तांब्याच्या नळीतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो; आणि फ्रीझरच्या भिंतीतल्या मार्गात, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, तो उकळून आतली उष्णता घेतो व पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. गॅस या बंद चक्रात फिरत राहतो, तो खर्च होत नाही. त्यामुळे ‘दोन-चार वर्षांनी गॅस संपतोच’ हा घरोघरी आढळणारा समज चुकीचा असून, गॅस कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे एवढाच त्याचा अर्थ होतो.

मुंबईकरांना थंडावा घरगुती यंत्राच्या कितीतरी आधी विकत मिळू लागला होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली गोठलेल्या तळ्यांतला बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला, आणि पुढे मुंबई व मद्रास येथेही तो उतरू लागला. तो साठवण्यासाठी तिन्ही शहरांत बर्फघरे उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्थानिक बर्फाचे कारखाने निघाले आणि हा व्यापार थांबला. या काळातील शीतपेटी म्हणजे बर्फाची लादी ठेवण्याची अस्तर लावलेली लाकडी पेटी होती, आणि तिच्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. दुरुस्तीचा प्रश्न यंत्र घरात आले तेव्हाच जन्माला आला.

पहिली घरगुती यंत्रे अमेरिकेत १९१३ नंतर विक्रीस आली आणि केल्व्हिनेटर व फ्रिजिडेअर ही नावे याच दशकात पुढे आली. या यंत्रांत मोटर बाहेर आणि पंप वेगळा असून दोन्ही पट्ट्याने जोडलेले असत. पंपाचा फिरता दांडा जेथून बाहेर येई तेथील सील झिजत जाई आणि गॅस निसटत राही. गॅस म्हणून सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरले जाई. पहिल्याचा वास इतका तीव्र की गळती होताच घर सोडून पळावे लागे, तर दुसऱ्याला वास फारसा नसल्याने तो अधिक घातक ठरे. १९२८-२९ च्या सुमारास शिकागो शहरात घरगुती फ्रीजमधून गळलेल्या मिथिल क्लोराइडने अनेक जण दगावले. गळतीच्या या प्रश्नावर त्याच सुमारास दोन उपाय निघाले आणि त्या दोहोंनी मिळून पुढच्या सहा दशकांच्या दुरुस्तीची चौकट आखून दिली.

पहिला उपाय रचनेचा होता. जनरल इलेक्ट्रिकने १९२७ साली बाजारात आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ या फ्रीजमध्ये मोटर आणि पंप हे दोन्ही एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद केलेले होते. दांडा बाहेर येण्याची जागाच उरली नाही, म्हणून सील झिजण्याचा प्रश्न मिटला. यालाच सीलबंद कॉम्प्रेसर म्हणतात, आणि आजही जवळजवळ प्रत्येक घरगुती फ्रीजच्या तळाशी दिसणारा काळा घुमटाकार डबा याच कुळातला आहे. दुसरा उपाय रसायनाचा होता. थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ पासून केलेल्या शोधातून डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन, म्हणजेच फ्रिऑन-१२ किंवा आर-१२, हे न जळणारे आणि विषारी नसलेले शीतक मिळाले. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी ते श्वासात घेऊन मेणबत्तीवर फुंकून दाखवले, आणि मेणबत्ती विझली. सीलबंद डबा आणि निर्धोक गॅस या जोडीमुळे फ्रीज स्वयंपाकघरात ठेवण्याजोगा झाला. मात्र कारखानदारांच्या दृष्टीने तो डबा उघडण्यासाठी नव्हताच. तो बिघडला तर अख्खा बदलावा, अशी त्यामागची कल्पना होती.

भारतात ही कल्पना परवडणारी नव्हती. स्वातंत्र्यापूर्वी येथे आलेले फ्रीज आयात केलेले असत, आणि दुसऱ्या महायुद्धात ती आयात आटल्याने आहे ते यंत्र चालू ठेवण्याला फार महत्त्व आले. मोहन टी. अडवानी यांनी १९४३ साली मुंबईत सुरू केलेल्या ब्लू स्टारचा आरंभ जुने वातानुकूलक आणि फ्रीज दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याच्या कामानेच झाला, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे, कारण देशातल्या एका मोठ्या प्रशीतन कंपनीचे मूळ कारखान्यात नसून दुरुस्तीच्या कामात आहे. पुढे १९५४ साली टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास उभी राहिली, १९५८ साली गोदरेजने विक्रोळीत देशी फ्रीजचे उत्पादन सुरू केले, आणि हैदराबादची ऑल्विन व फरीदाबादची केल्व्हिनेटर ही नावे पुढच्या काळात मध्यमवर्गाच्या तोंडी बसली. तरीही नवा फ्रीज सहजासहजी घेता येत नसे. सरकारदरबारी तो चैनीची वस्तू मानला जाई, त्यावर भारी अबकारी कर असे, आणि कित्येक कुटुंबांत १६५ लिटरचा एकदारी फ्रीज ही लग्नातली किंवा बोनसच्या पैशांतली एकदाच होणारी खरेदी असे. अशा घरात ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणून यंत्र टाकून देणे कोणाला सुचणेच शक्य नव्हते.

या गरजेतून एक व्यवसाय उभा राहिला आणि त्याने न उघडण्यासाठी बनवलेला डबा उघडून दाखवला. जळालेला कॉम्प्रेसर फ्रीजपासून सोडवून आणला जाई, त्यातले जुने तेल ओतून त्याचा वास आणि रंग पाहिला जाई, कारण मोटर जळली असेल तर तेल करपलेले व आम्लयुक्त झालेले असते. मग डब्याचा जोड कापून घुमट वेगळा केला जाई. आत स्प्रिंगांवर बसवलेली मोटर आणि लहानसा दट्ट्या असतो. मोटरची जळालेली तांब्याची तार उतरवून, वेढे मोजून, त्याच मापाची इनॅमलची तार पुन्हा गुंडाळली जाई. या कामाला ‘वाइंडिंग’ म्हणतात. झडपांच्या पोलादी पट्ट्या घासून किंवा बदलून पंपाचा दाब पुन्हा मिळवला जाई, सगळे भाग तापवून त्यातला दमटपणा काढला जाई, घुमट वेल्डिंगने जोडला जाई आणि डबा हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का हे पाहिले जाई. कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ही कृती नव्हती. ती एका कारागिराच्या हाताखालून दुसऱ्याकडे गेली. आयटीआयमध्ये प्रशीतन व वातानुकूलन मेकॅनिकचा अभ्यासक्रम होता आणि त्यातून अनेक जण तयार झाले, परंतु डबा कापून पुन्हा चालता करण्याची हातोटी मात्र दुकानातच मिळे. अशा पुन्हा बांधलेल्या कॉम्प्रेसरचा आवाज थोडा जास्त असे आणि वीजही तो जास्त खाई, हे मान्य केले तरी, कारखान्याने संपले म्हणून सोडलेले यंत्र आणखी दहा-बारा वर्षे चालवण्याइतकी ही विद्या पक्की होती.

मात्र मेकॅनिककडे येणाऱ्या तक्रारींत जळालेला कॉम्प्रेसर हा सर्वांत मोठा खर्च असला तरी सर्वांत जास्त आढळणारा दोष नव्हता. साध्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये हवेतला दमटपणा गोठून बर्फाचा थर जमतो, आणि तो वितळवण्यासाठी थर्मोस्टॅटच्या मधोमध असलेले बटण दाबून काही तास वाट पाहावी लागते. ही वाट न पाहता सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडण्याची सवय घरोघरी होती. फ्रीझरची पेटी दोन पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांवर दाबून, मध्ये गॅसचे मार्ग फुगवून बनवलेली असते. सुरीचे टोक तिथे लागले की बारीक भोक पडते, गॅस निघून जातो, आणि त्याच वाटेने हवा व पाण्याची वाफ आत शिरते. गळलेला गॅस पुन्हा भरण्याआधी साबणाचा फेस लावून भोक शोधावे लागे. आर-१२ च्या काळात हॅलाइड दिवाही वापरत, ज्याची ज्योत गळतीजवळ हिरवी होई. ॲल्युमिनियमला टाका देणे तांब्याइतके सोपे नसल्याने पुष्कळदा पेटीच बदलावी लागे. एका मिनिटाच्या घाईने होणारे हे नुकसान भारतीय घरांतील फ्रीजच्या बिघाडांत कदाचित सर्वांत टाळण्याजोगे होते.

आत शिरलेला दमटपणा दुसरा बिघाड घडवून आणतो, ज्याला मेकॅनिक ‘चोकिंग’ म्हणतात. कॅपिलरीच्या टोकाशी तापमान शून्याखाली गेले की पाण्याचा कण तेथेच गोठतो आणि गॅसची वाट अडते. फ्रीज काही वेळ थंड होतो, मग थंडावा थांबतो, बर्फ वितळल्यावर पुन्हा सुरू होतो. ज्या घरात ‘कधी चालतो, कधी नाही’ अशी तक्रार येई, तेथे जाणता मेकॅनिक त्या टोकाला गरम फडके लावून गॅस वाहू लागल्याचा आवाज ऐके आणि निदान पक्के करी. उपाय एकच होता : सगळा गॅस सोडून देणे, पाणी शोषणारा फिल्टर बदलणे, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा व वाफ ओढून घेणे आणि मग मापाने नवा गॅस भरणे. जेथे व्हॅक्यूम पंप नसे तेथे थोडा गॅस फुंकून हवा बाहेर काढण्याची पळवाट वापरली जाई, आणि तोच फ्रीज काही महिन्यांनी पुन्हा दुकानात येई. चांगल्या आणि वाईट दुरुस्तीतला फरक इथेच कळून येई, आणि तो ग्राहकाला डोळ्यांनी दिसत नसल्याने या व्यवसायाची बदनामीही इथूनच झाली, हे नोंदवायला हवे.

विजेचा प्रश्न भारतीय फ्रीजच्या इतिहासात वेगळा उभा राहतो. मोटर सुरू होताना रिले नावाचा लहान स्विच क्षणभर एका जादा तारेतून वीज देतो, आणि मोटर अडकून तापू लागली तर ओव्हरलोड नावाचा दुसरा स्विच वीज तोडतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी विजेचा दाब उतरला की मोटर उठू शकत नसे, ओव्हरलोड तोडत असे, थंड झाल्यावर पुन्हा जोडत असे, आणि घरातल्यांना दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज ऐकू येई. अशा प्रयत्नांतच पुष्कळ वाइंडिंग जळाली, म्हणून फ्रीजसोबत स्टॅबिलायझर घेणे हा भारतातला नेम झाला. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या गावांनी आणि उपनगरांनी आणखी एक नियम शिकून घेतला : वीज आल्याबरोबर फ्रीज लावायचा नाही, कारण बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचा दाब कॅपिलरीतून समान व्हायला काही मिनिटे लागतात, आणि त्याआधी मोटरला भरल्या दाबाविरुद्ध उठावे लागते. मेकॅनिक सिरीज दिवा घेऊन येई, म्हणजे तारेत मध्येच जोडलेला बल्ब, आणि त्याच्या उजेडाच्या तीव्रतेवरून वाइंडिंग तुटले, जळले की शाबूत आहे हे ओळखी.

या तुलनेत दाराचा बिघाड फार साधा, पण त्याचा खर्च वर्षानुवर्षे वीजबिलात दिसत राही. दाराच्या कडेचा चुंबकपट्टी असलेला रबर, म्हणजे गॅस्केट, कडक होऊन किंवा चिकट मळाने सुटून हवा आत घेऊ लागला की फ्रीझरमध्ये बर्फ झपाट्याने जमतो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. कागदाची पट्टी दारात धरून ती सहज ओढून निघते का हे पाहणे, गॅस्केट कोमट साबणाच्या पाण्याने पुसणे, फ्रीज भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून मागची जाळी झाडणे ही कामे घरच्या माणसाच्या हातची आहेत आणि ती होत असती तर कितीतरी कॉम्प्रेसर वाचले असते.

आर-१२ चे युग ज्या कारणाने संपले ते घरगुती नव्हते. मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिले की आर-१२ सारखे क्लोरोफ्लुरोकार्बन वर जाऊन वातावरणातील ओझोनचा थर नष्ट करतात, १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जाहीर झाली, आणि १९८७ साली हे वायू हटवण्यासाठी माँट्रियल करार झाला. भारताने १९९२ साली त्यास मान्यता दिली, नव्या यंत्रांतून हे वायू २००३ पासून काढले गेले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचे उत्पादनही थांबले. या बदलाचा खरा भार मेकॅनिकवर पडला. आर-१२ ची जागा घेणारा आर-१३४ए जुन्या खनिज तेलात मिसळत नाही, म्हणून नव्या कृत्रिम तेलाची गरज पडली. ते तेल हवेतला दमटपणा झपाट्याने शोषते, म्हणून उघडा ठेवलेला डबा किंवा अर्धवट केलेला व्हॅक्यूम आता माफ होईना. कामाची जी ढिलाई पूर्वी निभावून जाई तिच्यामुळे आता नवे यंत्रच निकामी होऊ लागले. सरकारी आणि आंतरराष्ट्रीय मदतीने दुरुस्ती करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम चालले, परंतु व्हॅक्यूम पंप आणि गॅस मोजण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा विकत घेण्याची ऐपत लहान दुकानदाराकडे यायला वेळ लागला.

त्यानंतर आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, आला, आणि त्यासोबत धोकादायक गॅसचा जुना प्रश्न ज्वलनशीलतेच्या रूपाने परत आला. एका फ्रीजमध्ये तो अगदी थोडाच असतो, तरी बंद खोलीत पेटत्या बर्नरने नळी कापणे आता जिवावर बेतू शकते. म्हणून दारे-खिडक्या उघडून आधी गॅस बाहेर सोडावा लागतो आणि ठिणगी उडवणारे काहीही जवळ चालत नाही. या वायूचा दाब फ्रीझरच्या बाजूला वातावरणापेक्षाही कमी असल्यामुळे तिथल्या गळतीतून गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, आणि साबणाचा फेस, जो पिढ्यान्‌पिढ्या खरी साक्ष देत आला, चालू यंत्रावर तो काहीच सांगत नाही. नायट्रोजन भरून तपासावे लागते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ खरवडण्याची गरज संपली, पण बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा टायमर किंवा पाणी जाण्याचे भोक यांपैकी काहीही अडले की फ्रीझर थंड आणि खालचा भाग गरम राहतो, किंवा भाजीच्या ट्रेखाली पाणी साठते. मागची जाळी जाऊन कंडेन्सर बाजूच्या पत्र्याआड, फोममध्ये लपला. तिथे गळती झाली तर अनेक मेकॅनिक ती नळी सोडून देऊन मागे नवी जाळी बसवतात आणि यंत्र चालू करतात. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरसोबत इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला, आणि सिरीज दिव्याने काही कळेनासे झाले.

अशा परिस्थितीत कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी जाहिरातीत ठळक छापली जाते, परंतु बोर्डाची किंमत, सुटे भाग मिळण्याची मुदत आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचाही समावेश केला. कंपन्यांनी सर्व्हिस मॅन्युअल आणि भाग खुले केले तर या हक्काला अर्थ येईल. त्याइतकेच निकडीचे काम इतिहासाचे आहे. कॉम्प्रेसर कापून वाइंडिंग करणारे, ज्योतीच्या रंगावरून गळती ओळखणारे कारागीर आता वयोवृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या कामाची लेखी नोंद जवळजवळ नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर येथील आयटीआय, तंत्रनिकेतने आणि विद्यापीठांचे इतिहास विभाग यांनी त्यांच्या मुलाखती, अवजारे आणि हिशेबाच्या वह्या गोळा करण्याचे काम आता, ती माणसे आहेत तोवर, हाती घ्यावे.